खोळवाल्याचा दुसरा भाग

मला सिनेमातले खून बघायला आवडतात. महाडला कोर्टासमोर झेरॉक्स-टायपिंगचं दुकान चालवणारी, चाळिशीला टेकलेली बाई असं म्हणाली की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. "अगं बाई, तुम्ही असलं बघता?" हो, बघते. तुम्ही सासू-सुनांच्या मालिका बघता, त्यात रोज जिवंत माणसाला सोलतात. माझ्या सिनेमात माणूस एकदाच मरतो आणि सुटतो.

पण असे बरेच सिनेमे पाहिले तरी जीव जडला तो एकाच खुन्यावर, खोळवाल्यावर. कारण तो आमचा होता. आंबेनळी घाटाच्या वळणांवर त्याचं शूटिंग झालं, आणि तो अंगावर घालायचा ते आमच्याकडे पावसात प्रत्येकाच्या घरात असतं. गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसायचा आणि डोक्यावरून घ्यायची, की झाली खोळ. मागून बघा, बाप कोण आणि शेजारी कोण ओळखू येत नाही. पुढून तोंड अंधारात. कमरेला लाकडाची आकडी, आकडीला कोयता. आमच्या शेतावरचा कुठलाही माणूस. म्हणून तर अंगावर काटा यायचा.

आणि त्याची मारायची पद्धत. धुकं उतरलेलं, तिन्हीसांजेची वेळ, आणि वरून कुठून तरी तुमच्या नावानं एक हाक यायची. एकच. तुम्ही "ओ" म्हटलंत की संपलात.

पुण्या-मुंबईच्या लोकांना हे कळलंच नाही. ते विचारायचे, हाकेला ओ दिल्यावर माणूस मरतो हे काय लॉजिक? अरे, तुमच्या आयांनी शिकवलं नाही त्याला आम्ही काय करणार! आमच्याकडे पोराला चालायच्या आधी शिकवतात, तिन्हीसांजेनंतर एका हाकेला ओ द्यायची नाही. ज्याला खरंच काम असेल तो माणूस तीनदा हाक मारेल. माणूस नसेल तो एकदाच मारतो. थांबायचं, तिसरी हाक येऊ द्यायची, मग तोंड उघडायचं. माझी आई अजून मी दुकानातून आले की मला दारातून तीनदा ओरडायला लावते आणि मगच कडी काढते. माझ्याकडे चावी असते तरी.

तर त्या पहिल्या भागानंतर आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. बाजारपेठेतला एक मोबाइलवाला त्याचा अ‍ॅडमिन. पोलादपूरचे एक हायस्कूलचे मास्तर, एसटीतले दोघं-तिघं, दवाखान्यात कामाला असणाऱ्या मुली, मुंबईला गेलेले चाकरमानी, आणि मी. ग्रुपचा नियमच होता, काही विचारायचं असेल तर तीनदा पाठवायचं. एकदा पाठवलेल्या मेसेजला कुणी उत्तर देत नसे. नवीन आलेल्याला कळायचं नाही, तो बिचारा एकदा "हॅलो" टाकून चार दिवस वाट बघायचा. आम्ही हसून हसून मरायचो.

मग दुसरा भाग आला.

आम्ही सात-आठ जण एसटीनं पनवेलला गेलो बघायला. मध्यंतरापर्यंत सगळं झकास. मध्यंतरानंतर दिग्दर्शकाला काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यानं खोळवाल्याची खोळ काढली. आत एक साधा, रडका, दाढी वाढलेला माणूस. आणि मग त्याची कर्मकहाणी सुरू झाली. डोंगरावरची वाडी, पावसाळा. हा माणूस तिन्हीसांजेला वरच्या गोठ्याकडे जातो. गवतात त्याला जमीन फाटलेली दिसते. दरड येणार हे त्याला कळतं. तो खाली घराकडे बघून बायकोला एक हाक मारतो. खाली बायको ऐकते, पण एका हाकेला ओ कशी देणार? ती थांबते. सगळी वाडी थांबते. आणि हा घाबरून वर पळत सुटतो. दरड येते, वाडी जाते, हा वाचतो. तेव्हापासून डोकं फिरलेलं, आणि आता जो ओ देतो त्याला मारतो. तेव्हा का नाही दिलीत म्हणून.

थिएटरात मुली नाक पुसत होत्या. माझ्या हातातला पॉपकॉर्नचा पुडा मी केव्हा चुरगाळला मला कळलं नाही. मी पडद्याकडे बघत होते आणि तळपायाची आग मस्तकात जात होती.

परतीच्या एसटीत जी जुंपली ती जुंपली. मास्तर म्हणाले, "पहिल्या भागात नुसता कोयता होता. आता त्यामागे माणूस आहे. ह्याला म्हणतात खोली."

मोबाइलवाला म्हणाला, "माणूस बघायचा तर घरी आरसा हाय की. मी घाबरायला आलो होतो मास्तर, सांत्वनाला नाय."

"तुला नुसता रक्तपात पाहिजे."

"हो, पाहिजे! बाराव्याचं जेवण नकोय मला."

कंडक्टर मागे वळून म्हणाला, रक्तपाताचं बोलायचं तर हळू बोला, पुढं लेकुरवाळी बाई बसलीय. ती लेकुरवाळी बाई म्हणाली, नाय नाय, बोलू दे, मी पण बघितलाय, मला दुसराच आवडला. मग काय! माणगावपर्यंत अख्खी एसटी दोन तट.

मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "खुन्याला कारण दिलं की तो खुनी राहत नाही, नातेवाईक होतो. नातेवाईकाची कसली भीती?" मोबाइलवाल्यानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाटलं मी पहिल्या भागाच्या बाजूची. होतेच मी. पण माझी आग त्यासाठी नव्हती, आणि खरं कारण मला कुणाला सांगता येत नव्हतं.

ती वाडी मला माहीत होती. तो गोठा माहीत होता. तो माणूस त्या वेळी माझ्या घरी ओसरीवर बसून आईनं दिलेला चहा पीत असणार होता. तो माझा मामा.

ज्या पावसात तळीये गाव दरडीखाली गाडलं गेलं, त्याच पावसात पोलादपूरच्या वरच्या अंगाला मामाच्या वाडीवर पण दरड आली. छोटी वाडी, पाच-सहा घरं, नाव सांगून तुम्हाला कळणार नाही. मामी गेली. आम्हाला तीन दिवस वर जाता आलं नाही, कारण खाली महाड बुडालेलं होतं आणि माझ्या दुकानात सावित्री नदीचा चिखल कमरेपर्यंत होता. मामा वाचला कारण तो वरच्या गोठ्याकडे गेला होता. ओढ्यापलीकडच्या घरातली एक म्हातारी वाचली. आणि मामाचा मुलगा वाचला, कारण तो मुंबईला होता, शूटिंगच्या लायटी लावायच्या कामाला.

मामा तेव्हापासून आमच्याकडे असतो. बोलत नाही फारसा. मामीच्या वर्षश्राद्धाला, सगळे जेवून गेल्यावर, माझ्याजवळ बसून एकदाच बोलला. "भेग बघितली गो बाय. हात जाईल येवढी. हाक मारली मी. पोराच्या नावानं." आणि उरलेल्या पत्रावळ्या गोळा करायला उठला. मीही पुढे विचारलं नाही.

पोराच्या नावानं म्हणजे मामीलाच. आमच्याकडे जुना माणूस बायकोला नावानं हाक मारत नाही. मुलाच्या नावानं मारतो. मुलगा मुंबईत असो की परदेशात, मुलाच्या नावानं हाक आली की बाई हातातलं काम टाकून दारात येते, तिला ठाऊक असतं की ही हाक आपल्याला आहे. माझा बाप पण माझ्याच नावानं ओरडायचा आणि आई "आले, आले" म्हणायची. मी लहानपणी फसून दोघांच्या मधे जाऊन उभी राहायचे.

ओढ्यापलीकडच्या म्हातारीनं सगळ्यांना सांगितलं होतं, मी एकच हाक ऐकली, मंग गडगडाट. झालं! उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणीतरी म्हणालं, "एकच मारलीन नि पळाला." मामाच्या तोंडावर कुणी बोललं नाही. पाठीमागे बोलत राहिले, नळावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात. आणि ते ज्याच्या कानात जाऊन बसलं तो मामाचा मुलगा. दर गणपतीला यायचा, बापाच्या पाया पडायचा, आणि परत जाईपर्यंत बापाशी एक वाक्य नाही. "ताई, ह्यांना सांग जेवायला." "ताई, ह्यांना विचार औषध संपलं का." बाप तिथेच बसलेला, हाताच्या अंतरावर.

पनवेलहून आल्यावर मी त्याला फोन लावला.

"तू सांगितलीस ती गोष्ट?"

तिकडून नुसता गाड्यांचा आवाज.

"तोंड उघड. तू सांगितलीस की नाही?"

"सेटवर बसलो होतो. डायरेक्टर बोलला की सेकंड पार्टमध्ये ह्याला बॅकस्टोरी पाहिजे. मी बोललो, माझ्याकडे आहे."

"माझ्याकडे आहे? बापाला कोयता देऊन पडद्यावर उभा केलास, आणि वर माझ्याकडे आहे?"

"मी काय खोटं सांगितलं काय? एक हाक मारली आणि पळाला. माझी आई तिसऱ्या हाकेची वाट बघत बसली, ताई! तीन मारायला काय जात होतं त्यांचं?" त्याचा आवाज फाटला होता. "लोक सॅड सीन आहे म्हणून रडतात ना? तिथं मी लाईट धरून उभा होतो."

मला त्याची दया आली नाही. खरं सांगते, नाही आली. मी म्हणाले, "मेल्या, हे मामाला कळलं तर त्या माणसाचं काय होईल ते ठाऊक आहे तुला? तो अजून उठून-बसून आहे तो तुझ्या जिवावर. तू पाया पडतोस त्या दोन मिनिटांवर वर्ष काढतो तो. पोरगा आपल्याला खुनी समजतो हे त्याला कळता कामा नये, समजलास?" आणि मी फोन आपटला.

त्या दिवसापासून माझं एकच काम होतं, हा सिनेमा मामाच्या कानावर जाऊ न देणं.

हे आता बोलायला सोपं वाटतं. तुम्ही महाडात राहून बघा. अख्ख्या श्रावणात दुसरा विषय नव्हता. ग्रुपचे दोन ग्रुप झाले. मोबाइलवाल्यानं जुन्या ग्रुपमधून मास्तरांना काढलं, मास्तरांनी दुसरा ग्रुप काढला आणि तिथं मोबाइलवाल्याला मुद्दाम घेतलं, कारण भांडायला माणूस पाहिजे. पहिल्यावाले खोळ घातलेला फोटो लावायचे, दुसऱ्यावाले खोळ काढलेला. एका घरात नवरा पहिल्यावाला आणि बायको दुसऱ्यावाली, ती त्याला म्हणाली, तुला माणसाचं दुःखच कळत नाय, ते मला लग्नातच कळलं होतं. एसटी स्टँडवर कॉलेजची पोरं धुक्यात एकदाच "ओऽऽ" ओरडून पळायची आणि त्या खेळाला नाव पडलं होतं 'एकहाक्या'. कुणी काम अर्धं टाकून निघाला की म्हणायचे, काय रे एकहाक्या, चाललास?

हा शब्द मी पहिल्यांदा माझ्याच दुकानात ऐकला. मामा दुपारी दुकानात येऊन बसायचा, कागदांच्या कडा जुळवून द्यायचा. एक वकिलाचा कारकून दुसऱ्याला म्हणाला, "स्टॅम्प न लावता कुठं पळतोस रे एकहाक्या?" मामानं मान वर करून विचारलं, "काय म्हनाला तो?" मी म्हणाले, "काही नाही मामा, आडनाव आहे त्याचं." कारकून बघतच राहिला. मी त्याच्या अंगावर अशी ओरडले की त्यानं महिनाभर झेरॉक्स दुसरीकडून काढली.

मास्तरांना तर मी दुकानाची पायरी चढू द्यायचे नाही. चांगला माणूस, पण तोंडाला फाटक नाही. यायचे आणि सुरू करायचे, "तुम्ही सांगा, त्या माणसाच्या अपराधभावाचं काय? तो आयुष्यभर..." आणि मामा तिथंच, कागद जुळवत. मी म्हणायचे, मास्तर, माझ्याकडे टायपिंगचं काम पडलंय, तुमचा अपराधभाव शाळेत ठेवून या. ते दुखावले. ग्रुपवर लिहिलं की काही प्रेक्षकांना संवेदनाच नाही. मी तीनदा उत्तर पाठवलं, तिन्ही वेळा एकच, ते इथं लिहिण्यासारखं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, पण कुठं जळतंय हे मी सांगू शकत नव्हते, मग लोकांना वाटणारच की ही बाई एका सिनेमासाठी पिसाळलीय.

गंमत म्हणजे मी पिसाळलेच होते, आणि दोन्ही बाजूंवर. दुसऱ्यावाले त्या माणसाला बघून रडत होते, आणि त्यातल्या एकालाही आमच्या गल्लीतला मामा कधी दिसला नव्हता. ज्या पावसानं त्याचं घर नेलं त्या पावसानंतर पंधरा दिवस लोक त्याच्याकडे ताटं घेऊन आले, मग बंद. पहिल्यावाले म्हणत होते, कशाला हे रडगाणं, एवढी मूर्ख माणसं असतात का, एका हाकेला ओ नाही दिली म्हणून मेली? अरे, तुम्ही स्वतः देत नाही! घरी जाऊन तुमच्या आयांना विचारा!

गणपती आले. मामाचा मुलगा आला. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. पहिल्या दिवशी सकाळीच मी त्याला मागच्या दारी गाठून सांगितलं, कुणी सिनेमाचं काढलं तर विषय तोडायचा. तो म्हणाला, "मी कशाला काढू? मला काय हौस आहे?" डोळे खाली गेलेले त्याचे, वजन उतरलेलं. सिनेमा चालला होता तरी.

पण त्याला बघायला लोक येणार हे मी विसरले होते. खोळवाल्याच्या सेटवर काम केलेला माणूस म्हणजे महाडात मंत्र्यापेक्षा मोठा. आरती झाली, अकरा वाजले असतील, आई आत मोदकांची उकड काढत होती, मामा ओसरीवर विळीवर बसून नारळ खवत होता, आणि मोबाइलवाला आणि मास्तर हातात हात घालून दर्शनाला हजर. ग्रुपवर एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि इथं एका स्कूटरवर बसून आले.

मी प्रसाद हातावर ठेवला आणि म्हणाले, "बरं, या आता. घरोघरी जायचं असेल तुम्हाला."

मोबाइलवाला कसला जातोय! मामाच्या मुलासमोर मांडी घालून बसला. "भाऊ, एकच विचारतो, मग जातो. आमचं ह्यावरून भांडण चाललंय. तो वर गोठ्याकडं जातो, भेग बघतो, एकच हाक मारतो, नि पळतो. बरोबर? मग दुसरी का नाय मारली? बायको खाली हाय, त्याला नियम माहीत हाय, एकीला कोण ओ देत नाय. मग येवढा कसा येडा?"

"भीती," मास्तर म्हणाले. "भीतीपुढे नियम आठवत नाही. मला ते पटतं. मला पटलं नाही ते वेगळंच. तो बायकोला चक्क नावानं हाक मारतो. आपल्याकडे? त्या वयाचा माणूस?"

"डायरेक्टर बोलला, पब्लिकला कळायला पाहिजे कोणाला बोलवतोय ते," मामाचा मुलगा पुटपुटला. तो माझ्याकडे बघत होता. मी ओरडले, "पुरे! सणासुदीला काय मेल्या-मारल्याच्या गोष्टी लावल्यात? उठा!"

विळीचा आवाज थांबला होता.

"कोन पळाला?" मामानं विचारलं.

मास्तर, देव त्यांचं भलं करो, हसून मामाकडे वळले आणि समजावून सांगायला लागले. काका, सिनेमातली गोष्ट आहे, एक माणूस असतो, डोंगरावरची वाडी असते. मी मास्तरांचा हात धरून ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला. शिकवायची सवय, अर्ध्यात थांबता येत नाही. गोठा आला, गवतातली भेग आली, हाक आली. सांगता सांगता त्यांचा आवाज उतरत गेला, कारण समोर कोण बसलंय, कुठल्या वाडीतून आलेलं, ते त्यांना तेव्हा, अगदी तेव्हा आठवलं. शेवटचं वाक्य त्यांनी गिळलं. मोबाइलवाला जमिनीकडे बघायला लागला.

मामा मुलाकडे बघत होता.

"तू सांगितलास त्यांना?"

मुलाचं तोंड पांढरं पडलं होतं. पण तो पण माझ्याच घरचा, चिडका. इतकी वर्षं तोंडातून न निघालेलं सगळं एकदम आलं. "सगळी दुनिया सांगतेय! मी सांगितलं तर काय झालं? त्या म्हातारीनं ऐकली ना, एकच हाक? एकच मारली ना तुम्ही? मग पळालात ना?"

आई आतून पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता मामा कोसळणार. मी मुलाच्या थोबाडीत मारायला हात उचलला होता, खोटं कशाला बोलू. पण मामाचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. मामा चिडला होता. त्या पावसानंतर पहिल्यांदा.

"एकच ऐकली असंल तिनं," तो म्हणाला. "पहिलीच्या नि दुसरीच्या मधी डोंगर आला. त्या आवाजात काय ऐकनार ती? मी दुसरी मारली. तुझ्याच नावानं. रोज मारायचो तशी. मी वर नाय रे पळालो, खाली पळालो, जिथवर जमीन होती तिथवर. खाली घर दिसंना, झाड दिसंना. मंग तिसरी मारली." विळीवरून त्याचा हात घसरला, बोट कापलं, त्याकडे त्यानं बघितलं नाही. "तिसरी तिचं नाव घेऊन मारली."

 माझा उचललेला हात मी कुठं ठेवला मला आठवत नाही. इतके दिवस मी ज्यांच्यावर चिडत होते ते सगळे त्या ओसरीवरच बसलेले होते, आणि माझा राग कुणाच्या अंगावर टाकावा ते मला कळेना. मास्तर रडत होते. ह्या वेळी त्यांच्याकडे बघून मला राग आला नाही.

मामाचा मुलगा उठला आणि बापाच्या पुढ्यात, खोबऱ्याच्या चुऱ्यावरच, बसला.  "बाबा," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, सरळ बापाला. "बाबा, तिसरी तिनं ऐकली असती तर आली असती का आई?"

मामानं मान हलवली.

"नाय रे. तीच ऐकली असती तर मुळीच आली नसती. उभ्या जल्मात मी तिला नावानं हाक मारली नव्हती. म्हनाली असती, ह्यो आपला मानूस नव्हं."